भात किती वाजता उतरवला?

जून लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. लोणच्याला आलेली बुरशी आणि न वाळलेल्या कुरडया मागे पडतात आणि उलट्या-जुलाबांची पत्रं सुरू होतात. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. परळच्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३३ वर्षं तंत्रज्ञ होते. पावसाळ्यात आमच्या टेबलावर शौचाच्या नमुन्यांच्या डब्यांची रांग लागायची. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा 'बाहेरचे खाल्ले' एवढंच लिहिलेलं असायचं. नमुना द्यायला नातेवाईक खिडकीशी आले की मी दोन गोष्टी विचारायचे: घरी काय खाल्लं होतं, आणि ते किती वाजता शिजवलं होतं? पहिल्याचं उत्तर लगेच मिळायचं. दुसऱ्याला लोक एकमेकांकडे बघायचे.

या महिन्याच्या पत्रांतही तसंच आहे. काय खाल्लं ते सगळ्यांनी सविस्तर लिहिलंय, अगदी फोडणीत काय घातलं होतं इथपर्यंत. शिजवल्याची वेळ मात्र एकाच ताईंनी कळवली आहे, म्हणून सुरुवात त्यांच्या पत्रानं करते.

काकू, रविवारी रात्री ९ वाजता कुकर लावला होता. भात उरला, तो कुकरच्या भांड्यातच ओट्यावर झाकून ठेवला. सकाळी ८ वाजता फोडणीचा भात केला, चांगला खरपूस परतला. मी उपासामुळे खाल्ला नाही. दोन तासांत यजमानांना आणि मुलाला उलट्या सुरू झाल्या. ताप नव्हता, संध्याकाळी दोघंही बरे झाले. भाताला अजिबात वास येत नव्हता. आमच्याकडे आजीच्या काळापासून असाच भात खातात. मग या वेळी काय झालं?
— एक गृहिणी, लालबाग

ताई, तुम्ही वेळा लिहिल्यात म्हणून मला काही बोलता येतंय. उरलेला घास तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, पण दोन तासांत उलट्या, ताप नाही, दिवसाभरात आराम, आणि न खाल्लेली व्यक्ती ठणठणीत, हे सगळं भातातल्या एका जंतूशी जुळतं. त्याचं नाव बॅसिलस सिरियस. हा मातीतला जंतू. शेतातून तांदळाबरोबर घरात येतो, आणि तांदूळ कितीही वेळा धुतला तरी पूर्ण जात नाही. कोरड्या तांदळात तो बीजाणूच्या रूपात असतो, म्हणजे कवच घालून झोपलेला. उघड्या टोपात भात उकळला तरी ते कवच टिकून राहू शकतं. कुकरमध्ये उष्णता जास्त असते, तिथं बरेच बीजाणू मरतात. पण झाकण काढलं, डाव घातला, चार जणांना वाढलं, की नव्यानं जंतू पडायची वाट मोकळी होते.

पुढचं सगळं भात किती वेळ कोमट राहतो यावर अवलंबून आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जंतू वाढतात. मुंबईत जूनच्या रात्री स्वयंपाकघर २८-३० अंशांवर असतं. कुकरच्या भांड्यात दाबून भरलेला, झाकण घातलेला भात आतून तासन् तास निवत नाही. तुमचा भात ११ तास बाहेर होता. तेवढ्या वेळात हा जंतू वाढतो आणि वाढताना एक विष तयार करतो. सकाळच्या फोडणीत जंतू मरतात, विष मात्र राहतं. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी नष्ट होत नाही, मग कढईतल्या पाच मिनिटांचं काय घेऊन बसलात! म्हणून 'चांगला परतला होता' हे तुमचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही मनापासून काळजी घेतलीत, पण ती घ्यायची वेळ रात्री ९ची होती.

वासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वासावर विसंबून मी स्वतः चुकले आहे. माझ्या मोठ्या मुलाची मुंज मे महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये होती. वेळ वाचावा म्हणून आचाऱ्यानं मसालेभाताचा तांदूळ आदल्या रात्रीच शिजवून मोठ्या पातेल्यांत झाकून ठेवला होता, सकाळी तो फक्त मसाल्यावर परतला. पंगत बसायच्या आधी मी पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला. साजूक तूप, काजू, गोडा मसाला. मी मान डोलावली आणि वाढायला सांगितलं. दुपारी चारच्या सुमाराला माझ्या मावशीला पहिली उलटी झाली, सहापर्यंत पंधरा-सोळा जणांना. मावशीचं वय तेव्हा ७४ होतं. ती सलाइनवर दोन दिवस होती आणि मी तिच्या उशाशी बसून होते. जंतूंमध्ये दिवस काढणारी बाई मी, आणि त्या सकाळी आचाऱ्याला 'हा भात कधी शिजवला?' एवढं विचारलं नाही. नाकाला कळते ती नासण्याची घाण, आंबणं, बुरशी. विषाला वास नसतो.

आता, फोडणीचा भात सोडू नका. मीही आठवड्यातून एकदा करते. जेवणं झाली की उरलेला भात लगेच परातीत पसरायचा, वर जाळी ठेवायची, पंखा लावायचा. अर्ध्या-पाऊण तासात तो निवतो. मग उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये. शिजवल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करायचा आणि एकदाच. उरला तर पुन्हा फ्रिजमध्ये नाही.

आमटी, रस्सा, मटण यांनाही हेच लागू. पाच लिटरचं पातेलं रात्री १० वाजता उतरवून झाकून ठेवा आणि पहाटे तीनला हात लावून बघा, कोमट लागेल. मटणाच्या मोठ्या पातेल्यात आणखी एक जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, या कोमटपणावरच जगतो. खाल्ल्यानंतर ८ ते १६ तासांनी पोटात कळा आणि जुलाब. म्हणून मोठं पातेलं दोन-तीन भांड्यांत वाटायचं, भांडी पाण्याच्या परातीत ठेवून निववायची. 'गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो' म्हणून रात्रभर बाहेर ठेवायची पद्धत आपल्याकडे घट्ट आहे. उकळतं पातेलं आत ढकलू नका हे खरं, त्यानं शेजारचं दूध तापतं. पण लहान डब्यातलं कोमट अन्न आत ठेवल्यानं फ्रिजला काही होत नाही.

नमस्कार. सोमवारी संध्याकाळी ऑफिसहून येताना स्टेशनबाहेर बांगड्यांचा वाटा घेतला. तळून खाल्ले. अर्ध्या तासात तोंड, मान लालभडक झाली, अंगाला खाज आणि डोकं ठणकायला लागलं. बायकोलाही थोडं तसंच झालं. शेजारी म्हणतात तुम्हाला मासळीची ॲलर्जी आहे, आता बंद करा. मी मालवणचा. जन्मभर बांगडे खाल्ले. बंदच करावे लागतील का?
— एक वाचक, विक्रोळी

दादा, दोन माणसांना एकाच जेवणावरून एकाच वेळी नवी ॲलर्जी सुरू होणं फार दुर्मीळ. तुम्ही लिहिलंय ते हिस्टामिनच्या विषबाधेचं चित्र वाटतं. बांगडा, कुपा, सुरमई, तारली अशा काळ्या-तांबूस मांसाच्या माशांत हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे द्रव्य सोडतं तेच हे, म्हणून लक्षणंही तशीच दिसतात: लाली, खाज, डोकेदुखी, धडधड, कधी उलटी-जुलाब. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, तिरफळं घालून किंवा फ्रीझरमध्ये ठेवून जात नाही.

बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. पण श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली, चक्कर आली तर थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा. आणि बांगडा पुन्हा खाण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून खरी ॲलर्जी नाही ना याची खात्री करून घ्या. तेवढी झाली की बांगडा तुमचाच आहे.

घेताना काय बघायचं, ते तुम्ही मालवणचे, मी काय सांगणार. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, पोट घट्ट. हे बघाच. पण इथंही पुन्हा तेच, हिस्टामिन वाढलेला मासा दिसायला बरा असू शकतो. म्हणून मी बर्फ बघते. पाटीत माशांच्या खाली आणि वर बर्फ आहे का, की वरून नुसतं पाणी शिंपडून चकाकी आणलीय? सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेला मासा संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर असेल, तर मधले तास तो कुठे होता हे महत्त्वाचं. माझ्या नेहमीच्या कोळीण मावशींना मी थेट विचारते, 'मावशी, हा सकाळचाच का?' त्या खरं सांगतात. दोनदा त्यांनी मला 'आज बांगडा नको नेऊस, बोंबील ने' म्हणून परत पाठवलंय. नेहमीच्या कोळणीचा हा फायदा फार मोठा आहे.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बाजारात येणारी बरीच मासळी बाहेरून किंवा शीतगृहातून आलेली असते. एकदा विरघळलेली मासळी घरी आणून पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. बाजारात मासळी सगळ्यात शेवटी घ्या. लोकलनं तासभर जायचं असेल तर मावशींकडून मूठभर बर्फ मागून घ्या, त्या देतात. घरी आल्यावर मीठ-हळद-कोकमाचं आगळ लावलं की लोक मासा ओट्यावर 'मुरायला' ठेवून मालिका बघायला बसतात. मुरायचा तर फ्रिजमध्ये मुरेल.

माझा मुलगा म्हणतो चिकन नळाखाली धुवायचं नसतं. मी ४० वर्षं धुतेय. न धुता शिजवायची मला किळस वाटते. कोण बरोबर?
— एक आजी, ठाकुरद्वार

आजी, मुलगा बरोबर आहे. पण तुमची किळसही मला समजते, कारण आपल्याकडे चिकन समोर कापून, रक्तासकट काळ्या पिशवीत मिळतं.

कच्च्या कोंबडीवर सालमोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. नळाच्या धारेनं ते मरत नाहीत, फक्त उडतात. मुंबईच्या स्वयंपाकघरात सिंकपासून हातभर अंतरावर काय असतं? धुतलेली भांडी पालथी घातलेली, कोथिंबिरीची जुडी, पाण्याचं पिंप. चिकन शिजणार आहे, त्यातले जंतू उष्णतेनं मरतील. कोथिंबीर मात्र तशीच पोह्यांवर जाणार आहे. आजार तिथून येतो.

धुवायचंच असेल तर सिंकमधलं आणि आजूबाजूचं सगळं आधी हलवा. खोल भांड्यात पाणी घ्या, चिकन त्यात हळूच सोडा, हातानं खळबळा, ते पाणी धार न उडवता ओता. मग सिंक, नळाची तोटी आणि हात साबणानं धुवा. नळाची तोटी विसरू नका, चिकनच्या हातानं आपण तीच फिरवलेली असते.

तुमच्याकडे विळी असणार. ती एकदा उजेडात धरून बघा, विशेषतः पातं पाटात जिथं बसतं ती खाच. मी माझ्या सासूबाईंची विळी अशी बघितली होती. खाचेत काळपट थर होता, सुईच्या टोकानं खरवडल्यावर त्यात माशाचा खवला निघाला. वरून विळी लख्ख होती, रोज घासलेली. त्या विळीवर सकाळी सुरमई आणि दुपारी काकडी. तेव्हापासून आमच्याकडे मासळी-चिकनची विळी निराळी आहे, तिच्या पाटाला लाल दोरा बांधलाय. दोन विळ्या शक्य नसतील तर क्रम तरी पाळा: कोशिंबीर आधी चिरा, कच्चं मांस सगळ्यात शेवटी, मग साबण, ब्रश आणि वरून कढत पाणी.

चिकन शिजलंय का ते हाडाजवळ सुरी घालून बघा. गुलाबी रस दिसता कामा नये. मुलाला एवढी काळजी आहे तर त्याच्याकडून स्वयंपाकाचा थर्मामीटर मागून घ्या, मधोमध ७४ अंश दाखवला की झालं. फ्रिजमध्ये कच्चं मांस कायम खालच्या कप्प्यात, डब्यात, म्हणजे गळलं तरी खालच्या दह्यात काही पडणार नाही. गोठलेलं चिकन रात्रभर ओट्यावर नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात विरघळवायचं.

मी बदलापूरहून नरिमन पॉइंटला जाते. सहाला डबा भरते, दीडला खाते. पावसाळ्यात भाजी कधीकधी आंबूस लागते. काय नेऊ?
— नोकरी करणारी मुलगी

अगं, साडेसात तास म्हणजे फार झाले, त्यात गर्दीच्या डब्यात बॅग छातीशी धरलेली. ऑफिसात फ्रिज असेल तर पोचल्याबरोबर डबा त्यात ठेव, तुझे निम्मे प्रश्न सुटतील. नसेल तर कोरडी भाजी, पोळी किंवा भाकरी, ठेचा, चटणीपूड, काकडी अख्खी आणि तिथं चिरायची. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, सोललेलं उकडलेलं अंडं, अर्धवट शिजवलेली मोडाची कडधान्यं या चार गोष्टी पावसाळ्यात डब्यातून वगळ. मोड आणताना कडधान्य ओल्या फडक्यात उबेला असतं आणि जंतूंनाही तीच ऊब लागते, म्हणून उसळ नीट शिजवलेली आणि त्याच दिवसाची हवी. कालची भाजी आजच्यात मिसळू नकोस.

गरम डाळ-भात न्यायचा तर चांगल्या थर्मासच्या डब्यात. आधी उकळतं पाणी पाच मिनिटं डब्यात भरून ठेव, ओतून टाक, मग वाफाळता पदार्थ भर. दुपारी उघडल्यावर तो वाफाळताच हवा. साध्या डब्यात भरायचं तर आधी निववून घे.

आणि डब्याच्या झाकणातली रबराची रिंग आज रात्री सुरीच्या टोकानं काढून बघ. तिच्याखाली बोटाला बुळबुळीत लागणारी काळी रेघ असेल. आंबूस वासाचं कारण अनेकदा तीच असते. रोज काढून घासायची आणि पूर्ण वाळल्यावरच लावायची.

बारशाला बाळाच्या जिभेवर मध लावायची आमच्यात पद्धत आहे. चालेल ना? मध शुद्ध आहे, गावचा.
— होणारी आत्या, मुलुंड

नाही, लावू नका. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत मध अजिबात नाही, बोटभरही नाही, घुटीतूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजू शकतात आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. शुद्धतेचा इथं संबंध नाही, शुद्ध मधातही बीजाणू असू शकतात. घरातल्या मोठ्यांची समजूत काढायची जबाबदारी तुम्ही आत्या म्हणून घ्या. बाळाच्या आईला हे बोलणं अवघड जातं. सोन्याची अंगठी आणि मधाची वाटी पाटावर ठेवा, जिभेला लावू नका.

सोसायटीतल्या सत्यनारायणाचं तीर्थ-प्रसाद घेतल्यावर माझ्या ३ वर्षांच्या नातवाला रात्री उलट्या-जुलाब झाले. मी ओआरएसचं पाकीट थोडं थोडं ग्लासात घालून दिलं, पण तो पीत नव्हता. खारट लागतं म्हणाला. शेवटी गोड सरबत दिलं. चूक झाली का?
— एक आजोबा, बोरिवली

आजोबा, नातू आता बरा आहे हे पत्राच्या शेवटी वाचलं आणि हायसं वाटलं. पण हो, दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खंच्या अख्खं मोजलेल्या १ लिटर पाण्यात घालायचं. अंदाजानं ग्लासात घातलं की मीठ जास्त होतं. म्हणूनच त्याला खारट लागलं, मुलगा खरं बोलत होता. जास्त मीठ लहान मुलाला धोक्याचं. लहान पाकिटं २०० मिलिलिटरची असतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचूनच पाणी घ्या. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. गोड सरबत किंवा शीतपेयात साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात.

ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज ठराविक प्रमाणात असतात, कारण आतडं ही दोन्ही जोडीनं शोषतं आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं आणि असंख्य जीव वाचवले. एवढी ताकद आहे त्या पाकिटात, म्हणून ते मोजूनमापून करायचं.

उलटी झाली की १० मिनिटं थांबा. मग चमच्यानं, एक-दोन मिनिटांनी एक चमचा. दोन वर्षांवरच्या मुलाला दर पातळ शौचानंतर अर्धा ते एक कप. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटरचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा, उपाशी ठेवू नका. लहान मुलांना डॉक्टर झिंकही देतात, साधारण १४ दिवस. जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका आणि घरात उरलेली अँटिबायोटिक्स कुणालाच नको.

शौचात रक्त, जास्त ताप, डोळे खोल गेलेले, सहा-आठ तासांत लघवी नाही, मूल मलूल पडलंय किंवा पाणी पोटात ठरतच नाही, यातलं एक दिसलं तरी रात्र असो, निघायचं. गरोदर बाई, साठीच्या पुढची माणसं, मधुमेही यांच्या बाबतीतही वाट बघू नका.

आणि पूजेबद्दल. पंचामृत सकाळी ९ला कालवलं आणि तीर्थ म्हणून दुपारी २पर्यंत वाटलं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तापवलेलं दूध, दही, मध, साखर, तूप गार असताना एकत्र करा, थोडं करा, आरतीच्या आधी अर्धा तास करा. उरलेलं दूध-दही तोवर फ्रिजमध्ये राहू द्या. वाटणाऱ्याच्या बोटाला जखम किंवा फोड असेल तर दुसऱ्या कुणाला पळी द्यायची. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू माणसाच्या नाकात आणि जखमांत असतो, दुधाच्या पदार्थात पडला की त्याचंही विष होतं आणि ते उकळून जात नाही. पुढच्या पूजेच्या बैठकीत हे तुम्हीच मांडा, आजोबांचं ऐकतात.

आमच्या चाळीत पहाटे पाणी येतं. पहिली दहा मिनिटं गढूळ असतं. फिल्टर परवडत नाही.
— एक वाचक, काळाचौकी

मुंबईचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा सात तलावांतून येतं आणि शुद्ध करून, क्लोरीन घालूनच सोडलं जातं. पण ठरावीक वेळीच पाणी असलं की बाकीचा दिवस नळवाहिनीत दाब नसतो, आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिलं गढूळ पाणी मोरी धुवायला, फडकी भिजवायला वेगळं काढा. प्यायचं पाणी स्वच्छ झाल्यावर भरा, फडक्यातून गाळा आणि खळाखळा उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. तोटीचं पिंप घ्या. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे बोटं पाण्यात बुडणार नाहीत. गढूळपणा रोजचा असेल किंवा पाण्याला घाण वास असेल तर चाळीतल्या सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या. जवळपास कुठंतरी वाहिनी फुटलेली असू शकते.

गणपतीला आठ दिवस गावी जातो. मधे वीज गेली होती का हे परत आल्यावर कळत नाही. फ्रीझरमधलं सामान वापरावं का?
— एक दांपत्य, कांदिवली

२६ जुलै २००५ला आम्ही कुर्ल्याला राहत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या इमारतीत दोन दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर आमच्या मजल्यावर सगळ्यांनी फ्रीझर उघडले. कोलंबी पुन्हा दगडासारखी गोठली होती, हाताला गार, दिसायला छान. मी माझी टाकून दिली. समोरच्या वहिनींनी ठेवली, 'गोठलीय की नीट' म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरात तिघं आडवे होते. मी त्यांना जोर लावून सांगायला हवं होतं, ते अजून मनात आहे.

दार बंद ठेवलं तर वीज गेल्यावर फ्रिज साधारण ४ तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. तुम्ही गावाला जाण्याआधी एक करा. स्टीलच्या वाटीत पाणी भरून ती फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ झाला की त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि निघा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सामान वापरा. नाणं बर्फाच्या आत रुतलेलं किंवा वाटीच्या तळाशी गेलेलं दिसलं, तर मासळी, मटण, खवा, किसलेलं ओलं खोबरं यातलं काहीही ठेवू नका. शक्यतो कोलंबी घेऊन ठेवूच नका जायच्या आधी.